निवळलेलं पाणी

मु. केळदरा
दि. १२ नोव्हेंबर २०२५, बुधवार

चि. राजेश्वरी हिला गोरक्षनाथ मामाचा आशीर्वाद.

पत्र लिहायला महिना लागला, त्याबद्दल माफ कर. उशीर माझा आहे, पण सगळाच माझा नाही. तू माझा नंबर तुझ्या फोनवर बंद करून टाकलास. पोराच्या, करणच्या फोनवरून लावला तर माझा आवाज ऐकताच ठेवून दिलास. संस्थेच्या ऑफिसात लावला तर तिथली बाई म्हणाली, मॅडम सध्या येत नाहीत. मग म्हटलं, पत्राला काही कळ दाबून बंद करता येत नाही. फार तर फाडशील. फाडायचं तर फाड, पण शेवटचं पान वाचून मग फाड. माझं शिक्षण पाचवीपर्यंत. अक्षर मोठं काढावं लागतं, म्हणून कागद जास्त झाले आहेत.

इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. तुझ्या मामीची कंबर थंडी पडल्यापासून धरली आहे. तांबड्या गाईला कालवड झाली. कांद्याचं रोप निम्मं पिवळं पडलं. करण टिपरवर जातो, येतो, जेवतो आणि माझ्याकडे पाठ करून झोपतो. म्हणजे खुशाल किती, ते तूच ठरव.

भाऊबीजेला तुझ्या आईनं मला बोलावलं नाही. जयाचं लग्न झाल्यापासून मी एकही भाऊबीज चुकवली नव्हती. या वर्षीही सकाळी अंघोळ केली, धुतलेली टोपी घातली आणि एसटीच्या थांब्यावर जाऊन बसलो. कोल्हारची गाडी आली आणि गेली. बोलावणं नसताना बहिणीच्या दारात उभं राहणारा माणूस मी नाही. दुपारी घरी आलो तेव्हा तुझ्या मामीनं ताट वाढून दिलं. हे सगळं तू जयाच्या डोक्यात भरवलंस असं मी धरून चाललो आहे. तसं नसेल तर तसं कळव.

आता कामाचं लिहितो. सोमवारी तहसीलची नोटीस आली. पुढची तारीख मंगळवार, २५ नोव्हेंबर. क्रशरविरुद्ध गावानं केलेल्या तक्रारीचा त्या दिवशी निकाल लागणार. माझ्या वहीतले ओढ्याच्या पाण्याचे आकडे खरे धरले तर तक्रार संपली. रामहरीशेठचा क्रशर खडीचा चुरा धुऊन वाळू करत राहणार आणि ते धुवण आपल्या ओढ्यात येत राहणार. आणि अलीम किराणावाला म्हणतो की तुझ्या संस्थेनं तुला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं आहे, कारण तुझे आकडे आणि माझे आकडे जुळत नाहीत, आणि दोघांपैकी एकानं घरी बसून लिहिलेत असा साहेबांचा शेरा आहे. तो एक जण तू, असं कचेरीत धरून चाललेत. कारण तू पंधरा दिवसांतून एकदा यायचीस आणि मी रोज जायचो.

हे ऐकून मला आनंद झाला असं तुला वाटत असेल तर तू मला ओळखलंच नाहीस. पण वाईट वाटलं असंही मी लगेच लिहिणार नाही. आधी तुझं चुकलं ते लिहितो.

गेल्या तारखेला कचेरीच्या व्हरांड्यात, केळदऱ्याची तीस-चाळीस माणसं उभी असताना, तू मला विचारलंस, "मामा, अंगणातला मुरूम कुठल्या खाणीचा?"

आवाज चढवला नाहीस. चढवला असतास तर बरं होतं, ओरडणाऱ्याला उलटून ओरडता येतं. मी गप्प राहिलो. लोकांनी गप्प राहण्याचा अर्थ लावला आणि संध्याकाळपर्यंत तो सगळ्या गावात पोचला. तेव्हापासून पारावर गेलो की बोलणं थांबतं. परवा एक जण माझ्याकडे न बघता म्हणाला, म्हाताऱ्याचं अंगण लई कोरडं झालंय औंदा. बाकीचे हसले.

मुरमाचं खरं ऐक. जुलैत गोठ्यापुढे एवढा चिखल झाला होता की तुझी मामी दोनदा घसरली. करणनं दोन टिपर मुरूम आणून पसरला. क्रशरवरच्या प्रत्येक ड्रायव्हरच्या दारात असा मुरूम आहे. त्यासाठी मी एक आकडाही इकडचा तिकडे केला नाही. चौतीस वर्षं मी पाटकरी होतो. शेतकऱ्यांनी रात्री पाटाचं दार अर्धा वीत जास्त उघडावं म्हणून माझ्यापुढे काय काय आणून ठेवलं ते तुझ्या आईला विचार. मी कोणाचा गूळसुद्धा घरात येऊ दिला नाही. आणि तू, माझ्या मांडीवर बसून काना-मात्रा शिकलेली, मला मुरमात विकलंस.

ते लिहून झालं. आता क्रमानं लिहितो, म्हणजे तुझं कुठे चुकलं आणि माझं कुठे चुकलं ते वेगवेगळं दिसेल.

मे महिन्यात तू ती नळी घेऊन आलीस. दीड हात लांब, प्लास्टिकची, तळाला काळी-पांढरी चकती. ओढ्याचं पाणी ढवळून नळीत ओतायचं, वरून बघायचं, चकती दिसेनाशी झाली की थांबायचं आणि बाजूचे सेंटिमीटर वाचायचे. आकडा मोठा तर पाणी स्वच्छ, लहान तर गढूळ. सावलीत, ओढ्यावरच, आणल्या आणल्या. तू तीन वेळा सांगितलंस. मी म्हणालो होतो, पोरी, मला पाणी बघायला नळी लागत नाही. तू हसून म्हणालीस, तुम्हाला लागत नाही मामा, साहेबाला लागते. तेव्हा तू मला आवडली होतीस, हेही लिहून ठेवतो.

वहीत तू तीन रकाने आखून दिलेस. पहिल्यात पाण्याची उंची, दुसऱ्यात वेग, तिसऱ्यात नळीचा आकडा.

पहिले दोन रकाने रोज सकाळी आणि संध्याकाळी मी स्वतः ओढ्यात उतरून भरले. ओढ्यावरच्या मोरीच्या भिंतीवर रंगवलेली तुझी पट्टी मी वाचली नाही. माझ्या काठीला खाचा आहेत, काठी तळाला टेकवून ओली खाच बोटानं चाचपली. वेगासाठी भेंडाचा तुकडा सोडून दोन दगडांमध्ये त्याला लागलेला वेळ तोंडानं आकडे म्हणत मोजला. तू एकदा तुझ्या फोनवर ताडून बघितलंस, एका सेकंदाचा फरक निघाला. त्या दोन रकान्यांवर कोणी बोट ठेवलं तर मी त्याचं बोट सोडणार नाही.

तिसऱ्या रकान्याचं आता लिहायचं आहे, म्हणून चहा पिऊन येतो.

चहा झाला. तुझी मामी विचारते, एवढं काय लिवताय. मी म्हटलं, खतासाठी अर्ज.

माझे गुडघे धरतात. ओढ्यावर उकिडवं बसून नळीत बघणं मला जमत नव्हतं. म्हणून मी पाणी छोट्या बादलीत घरी आणायला लागलो. हे मी तुला सांगितलं नाही. तू विचारलंही नाहीस.

वरचं खरं आहे, पण अर्धं. गुडघे धरतात ते खरं, पण गुडघे धरत असताना मी काठी घेऊन ओढ्यात उतरतच होतो. खरं कारण डोळे. उजव्यात मोतीबिंदू पिकला आहे आणि डावा त्याच वाटेनं निघाला आहे. नळीत चार बोटं पाणी ओतलं की माझ्यापुरती चकती जायची. कधी आठ यायचे, कधी त्याच पाण्याचे तीस. पहिल्या आठवड्यातच कळलं की हे काम माझ्या डोळ्यांचं नाही. तुला सांगितलं असतं तर तू दुसरा माणूस बघितला असतास. निवृत्त झाल्यावर तेरा वर्षांनी कोणीतरी मला पाण्याबद्दल विचारलं होतं. सकाळी वही काखेत घालून निघालो की लोक विचारायचे, नाथाबा, आज किती? मला ते सोडवलं नाही.

म्हणून तिसरा रकाना तुझ्या मामीच्या डोळ्यांनी भरला. सकाळी सात वाजता मी बादली आणून ओट्यावर ठेवायचो आणि पुन्हा अलीमच्या दुकानासमोर जाऊन बसायचो. धारा, शेणपाणी, भाकरी उरकून मामी मोकळी व्हायची तेव्हा दहा वाजलेले असायचे. मग मी ओतायचो, ती वरून बघायची आणि बास म्हणायची.

आणि मी ओततानाही चुकलो. तू म्हणाली होतीस, ढवळून ओता. माझा हात ढवळू शकला नाही. साठ-पासष्ट वर्षं पाणी वरून अलगद ओतून घेतलंय, तळ हलू द्यायचा नाही, नाहीतर आई पाठीत धपाटा घालायची. ज्याला पाणी निवळून ओतता येत नाही त्याला मुलगी देऊ नये, असं आमच्याकडे बायका म्हणायच्या. तू शिकवलंस ते डोक्यात होतं, हातात नव्हतं.

आकडे छान यायला लागले. पन्नास, पंचावन्न, साठ. मला वाटलं, लोक उगाच बोंबलतात. क्रशरचं धुवण रामहरीशेठ म्हणतो तसं त्याच्या खड्ड्यातच मुरत असेल.

इथे तुझं चुकलं, राजेश्वरी. हे नीट वाच. २६ जुलैला ओढा सात खाचा चढला होता. मोरीवरून पाणी गेलं, पलीकडच्या वस्तीवरची पोरं शाळेत गेली नाहीत. त्या दिवसाची ओळ काढ. उंची सात खाचा, वेग सगळ्यांत जास्त, आणि तिसऱ्या रकान्यात सत्तावन्न. एवढा लोंढा आणि पाणी काचेसारखं? जगातला कुठला ओढा असा वाहतो? तू शिकलेली, कॉम्प्युटरवर तक्ते काढणारी. दर महिन्याला वहीचे फोटो घेऊन जायचीस. तुला दिसलं नसेल असं मी मानायला तयार नाही. तुला दिसलं, आणि तू मनात म्हणालीस, मामानं खाल्लं. मला विचारलं नाहीस. घरच्या माणसाला ओट्यावर बसून विचारायचं ते तू ऑक्टोबरपर्यंत साठवून ठेवलंस आणि कचेरीच्या व्हरांड्यात काढलंस. तू जुलैत येऊन मला चार शिव्या दिल्या असत्यास तर आज दोघंही या चिखलात नसतो.

माझा राग हा आहे. मुरमाचा राग त्याच्यापुढे काही नाही.

आता माझं.

गणपती बसून आठ-दहा दिवस झाले होते. त्या सकाळी अलीमचं दुकान बंद होतं, म्हणून बादली ठेवून मी परत फिरलो नाही, मागच्या दारानं गोठ्याकडे गेलो. आत आलो तर तुझी मामी ओट्यापाशी वाकून माझ्या बादलीत तुरटीचा खडा फिरवत होती. नेहमीसारखा, सात-आठ वेढे, नळाच्या पाण्यात फिरवते तसा.

मी विचारलं, "हे काय करतीस?"

ती म्हणाली, "काय म्हंजी? गढूळ हाय न्हवं?"

"असं रोज करतीस?"

"रोजच. न्हाई तर चकती दिसायची कशी? आधीच तुमचं डोळं गेल्यालं, बघायचं मलाच."

तिचा काही दोष नाही. तिला वाटलं होतं की चकती दिसणं हेच काम आहे. मला मदत म्हणून ती तीन महिने माझं पाणी निवळून देत होती. मी तिला नळी कशासाठी आहे ते कधी सांगितलंच नव्हतं. फक्त बास म्हण म्हणून सांगितलं होतं. आणि घरात गढूळ पाणी आलं की तुरटी, ही तिच्या हाताची सवय. आमच्या घरी पूर्वी तुरटी फक्त न्हाव्याच्या पेटीत असायची. चार वर्षांपूर्वी क्रशर सुरू झाला, ओढ्याकाठच्या विहिरीचं पाणी नळाला राखाडी यायला लागलं, तेव्हापासून प्रत्येक ओट्यावर खडा आहे. अलीम म्हणतो, गाव पानी पितं का तुरटी पितं, कळंना.

ती बादली ओतून दिली. दुसरं भांडं घेऊन ओढ्यावर गेलो, पाणी आणलं, तिला हात लावू दिला नाही, काठीनं ढवळलं आणि लगेच ओतलं. ती बास म्हणाली तेव्हा नळीत सात होते. मी म्हटलं, नीट बघ. म्हणाली, "बगतीया की. गेली चकती." पुन्हा केलं. सहा.

मग मी वही उघडली. आदल्या दिवशी अठ्ठावन्न होते. त्याच्या आदल्या दिवशी साठ.

त्या दिवशी मी अठ्ठावन्न लिहिले.

हे वाक्य लिहायला मला महिना लागला. पत्राचा उशीर याच्यासाठी झाला, तुझ्या फोनसाठी नाही. तू फोन घेतला असतास तर मी फोनवर मुरमाचं बोललो असतो, भाऊबीजेचं बोललो असतो, आणि ठेवून दिला असता.

का लिहिले ते सांगतो. पटणार नाही. मला वाटलं, कालपर्यंत अठ्ठावन्न आणि आज सात असं दिसलं की तू विचारणार काय झालं. मग बादली सांगावी लागणार, मग डोळे, मग मामी, मग ढवळलं नाही ते. सगळं गाव म्हणणार, चौतीस वर्षांचा पाटकरी, ज्याच्या शब्दावर तीन गावांची पाळी चालायची, त्याला बायकोनं तुरटीचं पाणी मोजायला लावलं. म्हणून म्हटलं, आकडा हळूहळू खाली आणू, रोज एक-दोननं, म्हणजे कोणाला कळणार नाही. तोही खाली आणता आला नाही. हात त्याच आकड्यावर जायचा. त्यानंतर मी बादलीही आणली नाही. ओढ्यावर जायचो, उंची आणि वेग खरा मोजायचो आणि तिसरा रकाना पारावर बसून भरायचो. सत्तावीस दिवस. कळून सवरून.

आणि मग १४ ऑक्टोबरला क्रशरच्या वकिलानं माझ्याच वहीची झेरॉक्स साहेबांपुढे ठेवली. मला उभं करून विचारलं, बाबा, रोज मोजता? मी म्हटलं, रोज, दोनदा. कुठे मोजता? मी म्हटलं, ओढ्यावर. शपथेवर म्हटलं. तू खाली मान घालून बसली होतीस. मला वाटलं, आता ही उठून विचारील आणि सगळं बाहेर येईल, आणि मला हायसं वाटलं असतं की काय कोण जाणे. तू उठली नाहीस. बाहेर आल्यावर मुरमाचं विचारलंस.

त्याच दिवशी रामहरीशेठ घरी आला. नारळ, शाल, बरोबर फोटो काढणारा. म्हणाला, नाथाबा, तुमच्यासारखी खरी मानसं आता ऱ्हायली न्हाईत. शाल माझ्या खांद्यावर टाकली. मी टाकू दिली. फोटोत मी हसलो आहे की काय मला माहीत नाही, मी तो पाहिला नाही. तू पाहिला असशील, तो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला म्हणतात.

तू आता विचारशील, गाव म्हणतं म्हाताऱ्यानं लाच खाल्ली, ते तुम्ही महिनाभर कसं चालू दिलंत? त्याचं उत्तर मला तुझ्याशिवाय कोणाला देता येणार नाही. लाच खाल्ली म्हणतात ते मला परवडत होतं. वाईट वाटत होतं, पारावर जायला लाज वाटत होती, तरी परवडत होतं. लाच खाणारा माणूस निदान हुशार समजला जातो. मी गाढव ठरण्यापेक्षा चोर ठरायला तयार झालो, आणि त्यासाठी तुला खोटी ठरू दिलं. तुझ्यावर रागावून बसलो की हे मला दिसायचं नाही. म्हणून मी मोठ्या नेमानं रागावून बसलो होतो. राग अजूनही आहे, जुलैचा. तो मी सोडलेला नाही.

काल अलीमच्या दुकानात तू घरी बसल्याचं कळलं. त्यानं मुद्दाम सांगितलं नाही, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता निघालं. म्हणाला, पोरगी हुशार हाय, पन सख्ख्या मामानंच बुडवली. मग मी तिथे आहे हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो साबणाच्या वड्या मोजायला लागला. गिऱ्हाईक गेल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. जे तुझ्या मामीलाही अजून माहीत नाही ते त्याला सांगितलं. त्यानं काउंटरवरचा साबण बाजूला सारला.

मग म्हणाला, "नाथाबा, लाच खाल्ली म्हनून कबूल केलं आसतं तर लोक दोन वरसांत इसरले आसते. हे न्हाई इसरायचे."

मी म्हटलं, माहीत आहे. म्हटलं, कागद दे.

त्याच्या काउंटरवर बसून मी निवेदन लिहिलं. पाणी घरी नेलं, ढवळलं नाही, तुरटी फिरवली गेली, मला ५ सप्टेंबरला कळलं, कळल्यावरही १ ऑक्टोबरपर्यंत खोटे आकडे लिहिले, १४ ऑक्टोबरला शपथेवर खोटं बोललो. पहिले दोन रकाने खरे आहेत, तेही लिहिलं. तुझ्या मामीचं नाव घातलं नाही, "घरी" असं लिहिलं. मुरमाबद्दल एक ओळ लिहिली होती, ती खोडली. अलीमनं वाचून साक्षीदार म्हणून सही केली आणि म्हणाला, शपथेचं लिवलंय ते गाळा, साहेब तुमालाच आत टाकंल. मी गाळलं नाही. पण त्यानं ते म्हटल्यापासून तेच डोक्यात आहे. या वयात तुरुंगात घालतात का, याची तुला माहिती असेल तर कळव. नसेल तर खोटं काही कळवू नकोस.

करणला निवेदनाचं सांगितलेलं नाही. कळलं की त्याचं क्रशरवरचं काम त्याच दिवशी संपणार. तो मला गेल्या आठवड्यातच म्हणाला होता, "आबा, लोक म्हंत्यात खाल्लं, म्हनू द्या. तुमी फकस्त २५ तारखेला तोंड उघडू नका." त्याला काही ठाऊक नाही, तरी बापाचा चेहरा वाचून म्हणाला. त्याला दोन मुलं आहेत. हे मी तुला दया यावी म्हणून लिहीत नाही. तराजूत काय काय आहे ते तुला दिसावं म्हणून लिहितो.

आता शेवटचं पान. हे वाच म्हणून सांगितलं होतं.

निवेदनाची एकच प्रत आहे. ती या पत्रासोबत तुझ्याकडे पाठवतो आहे. घरात ठेवली तर मी ती फाडीन. मला स्वतःची ओळख आहे. आज बुधवार आहे आणि मी शूर आहे. रविवारपर्यंत मला करणची मुलं दिसायला लागतील, सोमवारी तुरुंग दिसेल, आणि मंगळवारी वकिलानं विचारलं की बाबा, ओढ्यावरच मोजलंत ना, तर माझी मान हलेल. हलू नये असं वाटतं, पण सप्टेंबरात सत्तावीस दिवस मला रोज सकाळी असंच वाटत होतं. म्हणून कागद तुझ्या हातात हवा. मी उभा राहून खरं बोललो तर तो दाखवू नकोस. मी पुन्हा खोटं बोललो तर माझ्यासमोर साहेबांच्या टेबलावर ठेव. मामा आहे म्हणून मागे सरू नकोस. जुलैत सरलीस तेवढं पुरे झालं.

तू यायला हवंस. मी एकटा बोललो तर वकील म्हणेल, भाचीची नोकरी वाचवायला म्हातारा फिरला. तू तुझी वही आण, नळी आण आणि साहेबांना ओढ्यावर चला म्हण. क्रशर अजून रोज धुतो आहे. उंची आणि वेग मी मोजून देतो, तिसरा रकाना साहेबांनी स्वतःच्या डोळ्यांनी भरावा.

तू माफ करावंस असं मी कुठेही लिहिलेलं नाही, मागची पानं बघ. जयाला यातलं किती सांगायचं ते तुझ्यावर सोडतो. सगळं सांगितलंस तरी चालेल.

पत्र उद्या सकाळी मी स्वतः पोस्टात जाऊन रजिस्टर करतो, म्हणजे भिंगारला तुझ्या खोलीवर शनिवार-सोमवारपर्यंत पोचेल. पोचल्याचं लगेच कळव. फोन करायचा नसेल तर अलीमच्या फोनवर एक शब्द पाठव, मिळालं म्हणून. येणार की नाही ते मागाहून सांगितलंस तरी चालेल. पण मिळालं एवढं लवकर कळव. कळवलं नाहीस तर मी स्वतःला सांगत बसेन की पत्र वाटेत गहाळ झालं, तुझ्या हाती काही लागलेलं नाही, आणि अजून सगळं माझ्या हातात आहे. तसं मला एक दिवससुद्धा वाटू देऊ नकोस.

वाट पाहणारा,
तुझा मामा
गोरक्षनाथ